चिलर बंद पडल्यास

१

प्रवाळाच्या अळ्या मेल्या आणि त्याचा दोष एका मेलेल्या बाईवर आला. ती बाई सदानंद टिपणिसांची बायको होती.

अर्चनाचा फोन आला तेव्हा सदानंद अमिरातीतल्या फुजैराच्या बंदरावरून नुकतेच घरी पोचले होते. जहाजात तेल भरताना ते मोजून घेणं हे त्यांचं काम. सांगितलं तेवढं तेल खरंच आत गेलं, की मधेच कुणी हात मारला, हे बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. समोरचा माणूस नेहमीपेक्षा गोड बोलायला लागला की त्यांना आपोआप संशय यायचा. अर्चना त्या दिवशी फार गोड बोलत होती.

"भावोजी, जेवलात का? एकटे असता, जेवणाची आबाळ करू नका."

"अर्चना, काय झालंय ते सांग."

ती म्हणाली, "उद्या लॅबला येऊन जा. विभाच्या लायब्ररीबद्दल बोलायचंय."

विभावरी खोर फक्कानच्या सागरी प्रयोगशाळेत जीवशास्त्रज्ञ होती. अर्चना तिची मैत्रीण आणि आता तिथली प्रमुख. विभावरी म्हणायची, शोधनिबंधात प्रयोग चार ओळींत उरकतात, खरी खुबी माणसाच्या हातात राहते आणि माणूस नोकरी सोडून गेला की खुबीही जाते. म्हणून तिने इंटरनेटवर एक लायब्ररी उभी केली. कुणीही आपल्या प्रयोगाची रीत तिथे लिहावी, दुसऱ्याने ती करून बघावी, चूक दिसली तर सुधारावी. पाककृतीच्या पुस्तकात असतं तसं तिने नाव ठेवलं, 'कृती'. कुठकुठच्या देशांतले लोक तिथे लिहायला लागले.

दिवाळीच्या आधी विभावरी गेली. लायब्ररी चालू राहिली. सदानंद सकाळी चहा घेताना ती उघडून बघत. त्यातलं बरंचसं त्यांना कळत नसे. पण पानांखाली तिचं नाव असे.

दुसऱ्या दिवशी अर्चनाने त्यांना रिकामे टब दाखवले. प्रवाळ वर्षातून एकदाच अंडी सोडतात. त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या या टबांत वाढत होत्या. मे महिन्यात पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडला. अशा वेळी काय करायचं याचं एक पान 'कृती'त होतं, 'चिलर बंद पडल्यास'. टब एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवायचे आणि ट्रेमधून नळाचं पाणी वाहतं ठेवायचं.

"कुठल्या नळाचं ते वाचा," अर्चना म्हणाली.

पानावर निळा नळ लिहिला होता.

सदानंदांना काही सांगावं लागलं नाही. आखातात उन्हाळ्यात निळ्या नळाला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी येतं, आणि ते हात भाजेल इतकं तापलेलं असतं. म्हणून इथली माणसं गीझर बंद करतात. गीझरमधलं पाणी घरात सावलीला राहून निवतं, आणि गार पाण्यासाठी लाल नळ सोडावा लागतो.

"विभाने हिवाळ्यात लिहिलं असणार," अर्चना म्हणाली. "चूक कुणाचीही होते. पण माझं वर्ष गेलं, आणि मला वर रिपोर्ट द्यायचाय. त्यात हे लिहावं लागेल. लायब्ररी आपल्याच सर्व्हरवर आहे, तीही बंद करावी लागेल. या आठवड्यात."

"ती असं लिहिणार नाही. आमच्याकडे गीझर तीच बंद करते." सदानंद थांबले. "करायची."



पार्किंगमध्ये येऊन त्यांनी निनादला फोन लावला. निनाद अबू धाबीच्या खलिफा सिटीत राहणारा सॉफ्टवेअरवाला. लायब्ररीचं तांत्रिक काम तो हौसेने बघायचा. फोनवर बराच वेळ टकटक ऐकू आली.

"काका, पान बदललंय. आधी लाल होतं. निळं याच मे महिन्यात झालंय."

"कुणी केलं?"

निनादने पुन्हा एकदा तपासलं. मग म्हणाला, "विभामावशीने."

२

शनिवारी सदानंद गाडी काढून खलिफा सिटीला गेले. निनादने पोहे केले होते आणि ते कोरडे झाले होते.

"मावशीचं अकाउंट लॅबमधल्या कॉम्प्युटरवर कायम ओपन असतं," तो म्हणाला. "टबांपाशी जो आहे ना, तो. लोकांना लॉगइनचा कंटाळा येतो म्हणून तिनेच तसं ठेवलं होतं. तिथे कुणीही काही टाइप केलं की नाव तिचं लागतं."

"वेळ?"

"फक्त तारीख. अळ्या मेल्या तीच. म्हणजे मेल्याच्या आधी बदललं का नंतर, काही सांगता येत नाही. आणखी एक आहे. त्याच बदलात खाली मिठाचा नुसताच आकडा होता, त्याला ग्रॅम असं एककही कुणीतरी लावलंय. मावशीचं राहून गेलं होतं."

सदानंदांनी पोहे बाजूला सारले. "इथे बसून तूही बदलू शकतोस."

 "शकतो. तिथलं काहीही बदलू शकतो."

"रात्रंदिवस फुकट काम. कंटाळा आला असेल."

"आलाय. पण काका, मी अबू धाबीत वाढलोय. मेमध्ये निळा नळ सोडला तर काय होतं ते मला शाळेत जायच्या आधीपासून माहितीय. आता यावरून मी निर्दोष ठरतो का जास्तच लबाड ठरतो, ते तुम्ही ठरवा. संशय घ्यायला आलाच आहात, तर नीट घ्या."

सदानंदांना त्याचं बोलणं आवडलं. पण आवडणारी माणसंही तेल चोरतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

निनाद खाली सोडायला आला. गाडीपाशी आल्यावर म्हणाला, "सांगणार नव्हतो. अर्चना मॅडमनी मला विचारलं होतं, लायब्ररीला कुलूप कसं घालायचं म्हणून. बाहेरच्या कुणाला लिहिता येऊ नये असं."

"अळ्या मेल्यावर?"

"नाही. तेव्हा अळ्या जिवंत होत्या."

३

"हो, विचारलं होतं," अर्चना म्हणाली. तिने आवाज खाली आणला नाही. "विभा असतानाही मी तेच म्हणत होते. ज्याला त्याला लिहू दिलं की कधी ना कधी घोटाळा होणार. आमची त्यावरून भांडणं व्हायची. तुमच्याच टेबलावर, तुमच्यासमोर."

"घोटाळा झाला की कुलूप घालणं सोपं जातं."

"म्हणजे मी माझ्याच अळ्या मारल्या?" अर्चना खुर्चीतून उठली. "भावोजी, त्या टबांत माझं सगळं वर्ष होतं. तेलचोरांत राहून राहून तुम्हाला..." ती थांबली आणि परत बसली. "जाऊ दे. टब त्या दिवशी शुभ्राकडे होते. तिला विचारा. खलास."

शुभ्रा शारजात वाढलेली, पीएच. डी. करणारी मुलगी. ती टबांच्या खोलीत बाटल्या पुसत होती. सदानंद मराठीत विचारत होते, ती इंग्रजीत उत्तर देत होती.

"आय फॉलोड द पेज, अंकल. पेज सेड ब्लू, सो आय यूज्ड ब्लू."

"पाइप तूच जोडलास?"

"येस."

"पाण्याला हात नाही लागला?"

"ग्लव्ह्ज होते."

उत्तर फार पटकन आलं. खोटी मापं सांगणारे असंच पटकन सांगतात, खरं सांगणारा जरा आठवतो. सदानंदांनी पुढे काही विचारलं नाही. टेबलावरच्या डब्यातला खजूर उचलून खाल्ला. बोटं चिकट झाली.

"जरा गार पाणी देतेस का हातावर?"

ती पेला घेऊन सिंककडे गेली. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. हात आपोआप नळाकडे गेला आणि तिने लाल नळ सोडला.

सदानंदांनी हात धुतले. पाणी छान गार होतं. रुमालाने बोटं पुसत त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"शुभ्रा, त्या दिवशी पाइप तू जोडला नव्हतास."

पेला तिच्या हातातून निसटून सिंकमध्ये पडला.

४

"मी इथे नव्हतेच," ती म्हणाली. आता ती मराठीत बोलत होती, अडखळत. "माझी ड्रायव्हिंग टेस्ट होती. शारजात. ती डेट महामुश्किलीने मिळते, अंकल. टबांवर ड्युटी माझी होती. सुयश म्हणाला, यल्ला, चल निघ तू, मी बघतो."

सुयश म्हणजे हिवाळ्यात पुण्याहून आलेला नवा संशोधक.

"मग?"

"आले तोवर सगळं संपलं होतं. चिलर बंद. तो तिथे जमिनीवर बसला होता. त्याने मला स्क्रीन दाखवली. पेजवर ब्लू होतं. ही डिड व्हॉट इट सेड."

"मग तू का अंगावर घेतलंस?"

"कारण मॅडमना कळलं असतं की मी टब सोडून गेले, तर प्रोजेक्टवरून काढलं असतं. बाबा रिटायर होऊन नाशिकला चाललेत. त्यांच्या व्हिसावर मला राहता येणार नाही. या प्रोजेक्टवरच माझा व्हिसा आहे." तिने नाक ओढलं. "मी विचार केला, चूक तर पेजची आहे. मी केलं म्हटलं तरी मला कुणी काही म्हणणार नाही. सुयशलाही नाही."

"पान विभावरीचं होतं."

शुभ्रा खाली बघत म्हणाली, "शी इज नो मोअर, अंकल. आय थॉट इट वोन्ट हर्ट एनीवन."

सदानंदांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली, परत काढली आणि परत ठेवली. 

"सुयश कुठे बसतो?" त्यांनी विचारलं.

"पँट्रीत असेल. पण अंकल, तो खरंच चांगला मुलगा आहे. त्याने मला जायला सांगितलं, एवढंच."

एवढंच, की तिला मुद्दाम वाटेतून बाजूला केलं?

५

सुयश चहा उकळत होता. सदानंदांना बघून त्याने न विचारता आणखी एक कप काढला.

"काका, मी सुयश. काकूंना भेटलो नाही, पण त्यांनी लिहिलेलं सगळं वाचलंय. पुण्यात असल्यापासून. इथे आलो तो त्यामुळेच."

हाही गोड बोलत होता. सदानंदांनी स्टूल ओढलं. अळ्यांचा विषय काढायचा नाही, असं त्यांनी येतानाच ठरवलं होतं.

"घर मिळालं का धड?"

"हो, युनिव्हर्सिटीचा नवा टॉवर आहे ना, तिथे. मस्त आहे. समुद्र दिसतो."

"उकाडा सोसतो का?"

"बाहेर पडलो तर ना, काका. घरात एसी, गाडीत एसी, इथे एसी. आई विचारते फोनवर, उन्हाळा कसा आहे? म्हटलं, खिडकीतून चांगला दिसतो."

सदानंद हसले. "आणि गीझर? बंद केलास की नाही?"

"गीझर कशाला बंद करू?" सुयश आलं किसत म्हणाला. "सकाळी आंघोळीला गरम पाणी लागतंच की. आमच्याकडे टाकीचं पाणी गार करायचं मशीन बसवलंय. निळा गार, लाल गरम. पुण्यासारखंच."

किसणी थांबली.

आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं होतं. चहा वर आला आणि ओट्यावर सांडला, तरी त्याने गॅसकडे हात नेला नाही. सदानंदांनीच उठून गॅस बंद केला.

"अर्चनाला टबांपाशी बोलाव," ते म्हणाले. "शुभ्रालाही. निनादला मी फोनवर घेतो."

६

टबांच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे एकच खुर्ची होती. सगळे उभे राहिले. निनादचा आवाज फोनमधून येत होता.

"मी तुमच्यातल्या प्रत्येकावर संशय घेतला," सदानंद म्हणाले. "निनाद, तुझ्यावर सुद्धा."

"माहितीय, काका. पोह्यांवरच कळलं."

"मी धरून चाललो होतो, की ज्याने पान बदललं त्याला नासधूस करायची होती. तिथेच फसलो. नासधूस करायला इथल्या माणसाने निळा नळ लिहिला नसता. ते वाचून कुणीही ओरडलं असतं, की अरे मे महिना आहे. लपवून घात करायचा, तर कुणाच्या डोळ्यावर येणार नाही असं काहीतरी बदलायचं. म्हणजे बदलणाऱ्याला निळा हेच बरोबर वाटत होतं. त्याला लाल ही चूक वाटली."

अर्चना हळूच म्हणाली, "लाल चूक कुणाला वाटेल?"

"ज्याने गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यावर एकही उन्हाळा काढला नाही, त्याला. निनाद इथे वाढला. तू इथे किती वर्षं आहेस ते मला माहीत आहे. शुभ्राचा हात न बघता लाल नळावर जातो. ते मी आज पाहिलं. ती निळ्याला पाइप जोडूच शकत नव्हती. ती त्या दिवशी इथे नव्हती. का नव्हती, ते ती तुला सांगेल."

शुभ्राने सांगितलं. अर्चनाचा चेहरा लाल झाला. सगळे सुयशकडे बघत होते.

"पण आधी बदललं का नंतर?" फोनमधून निनादने विचारलं. "नंतर बदललं असेल, तर स्वतःला वाचवायला बदललं."

"ते तूच मला सांगितलंस, पण आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मिठाच्या आकड्यापुढे ग्रॅम. अळ्या मेलेल्या, हातपाय कापतायत, कुणीतरी येईल ही भीती, अशा वेळी माणूस राहिलेलं एकक भरत बसेल का? ते निवांतपणे वाचणाऱ्याचं काम आहे. पान सुधारायच्या हेतूने वाचणाऱ्याचं."

"आधी बदललं, काका," सुयश म्हणाला. "चिलर बंद पडला. पाणी अजून गार होतं, घाई नव्हती. मी पान उघडलं. लाल वाचलं. म्हटलं, काकूंची टायपिंगची चूक आहे, पान उघडलंच आहे तर दुरुस्त करू. वर लिहिलेलंच असतं, चूक दिसली तर सुधारा. कुणाचं अकाउंट उघडंय ते बघितलंच नाही. मग निळ्याला पाइप जोडला आणि चिलरवाल्याला फोन करायला बाहेर गेलो."

"आणि नंतर?"

"मॅडमनी ट्रेमध्ये थर्मामीटर घातला तेव्हा कारण कळलं. तोवर शुभ्रा म्हणून गेली होती, की मी केलं. मी बोलणार होतो. त्या दिवशी राहिलं. मग रोजच राहत गेलं." त्याने सदानंदांकडे बघायचा प्रयत्न केला. "तुम्ही आज चहाला बसलात तेव्हा वाटलं, आता सांगू. आणि मी समुद्र दिसतो ते सांगत बसलो."

अर्चना म्हणाली, "म्हणजे विभाचा दोष नाही. भावोजी, मी रिपोर्ट बदलते."

सदानंद याच वाक्यासाठी आले होते. ते ऐकून निघून जाता आलं असतं. त्यांनी फोन तोंडाजवळ धरून निनादला जुनी ओळ वाचून दाखवायला सांगितली. निनादने वाचली: ट्रेमध्ये लाल नळाचं पाणी सोडा.

"पुढे?"

"पुढे काही नाही, काका. एवढंच."

सदानंदांनी त्या दोन नळांकडे बघितलं.

"थोडा दोष आहे," ते म्हणाले. "तिने साऱ्या जगासाठी लिहिलं, पण आपल्या घरचा नळ धरून लिहिलं. लाल का, ते लिहिलंच नाही. आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, म्हणून तिला सुचलं नसेल. या पोराला कोण सांगणार होतं?"

"भावोजी, ते लिहायची काही गरज नाही."

"लिही. तिच्या नावाने लिही. अर्धं माप सांगायचं नसतं."

अर्चनाने ते टिपून घेतलं. मग म्हणाली, "हे ऐकल्यावर तर कुलूप घालायलाच पाहिजे. नवखा मुलगा येतो आणि बरोबर ते खोडतो."

"कुलूप असतं तर लाल तसाच राहिला असता. मग जिथे गीझर चालू आहे अशा गावात कुणीतरी लाल सोडला असता. तिथल्या अळ्या आपल्याला दिसल्या नसत्या, एवढाच फरक."

 अर्चना टबांच्या कडेवरून हात फिरवत राहिली. शेवटी फोनकडे तोंड करून म्हणाली, "निनाद, जो बदलेल त्याचं स्वतःचं नाव लागलं पाहिजे. आणि का बदललं ते लिहिल्याशिवाय बदल होता कामा नये. जमेल?"

"जमेल, मॅडम."

"मग राहू दे उघडी." ती शुभ्राकडे वळली. "टेस्ट पास झालीस?"

"नो, मॅडम."

"म्हणजे दोन्हीकडून गेलीस. पुढच्या वर्षीचे टब तुझे आणि याचे, दोघांचे. एकाने हलायचं नाही. मोबदल्यात मला उद्या दोघांकडून सगळं लेखी पाहिजे, खरं." मग सुयशला म्हणाली, "आणि तू या उन्हाळ्यात माझ्या जुन्या, टाकीवाल्या घरी येऊन एकदा आंघोळ करून जा."

कुणी हसलं नाही. पण खोलीतला ताण सैल झाला.

निनादने सदानंदांच्या नावाने नवीन अकाउंट उघडून दिलं. ते टबांपाशीच्या कॉम्प्युटरपुढे बसले आणि एका बोटाने टाइप करत त्यांनी ती ओळ नव्याने लिहिली. नळाच्या रंगावर जाऊ नका. गावागावात आणि ऋतूऋतूत तो फसवतो. आधी पाण्याखाली हात धरा, गार लागेल तो नळ सोडा. सुयश मागे उभा होता. त्याने एकही अक्षर सुचवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुजैराच्या घरी चहा घेताना सदानंदांनी पान उघडलं. त्यांची ओळ खोडलेली होती. मोंबासाच्या कुणा खतीजाने बदल केला होता आणि कारणही लिहिलं होतं: हात हे माप नाही. ज्याने त्याने आपला हात धरला तर दर वेळी वेगळं उत्तर येईल. थर्मामीटर लावा.

सदानंदांनी ते पुन्हा वाचलं. जहाजावरच्या इंजिनियरांना हेच सांगत त्यांचा जन्म गेला होता, आणि स्वतः लिहायला बसल्यावर त्यांना थर्मामीटर आठवला नव्हता. मोंबासाची ही बाई त्यांना ओळखत नव्हती. त्यांच्या घरी काय झालं ते तिला माहीत नव्हतं. दिवाळीपासून सगळे त्यांना सांभाळून घेत होते. त्यांची चूक कुणीच काढली नव्हती.

त्यांनी चष्मा पुसला आणि खाली एका बोटाने उत्तर टाइप केलं: तुमचं बरोबर आहे. किती अंशांपर्यंत चालेल, तेही लिहा.